‘परिस्थिती’ या शब्दाची फोड

प्रिय नव्या बाई,

तुझं पत्र पोचलं. पाच पानांत ‘घरची परिस्थिती’ हे शब्द सात वेळा आलेत. दोष काढायला मोजले नाहीत, आपल्या व्यवसायाला ती सवयच आहे. मूल वाचत नाही, परिस्थिती. उशिरा येतं, परिस्थिती. गृहपाठ कोरा, परिस्थिती. शिक्षकांच्या खोलीत हा शब्द पडला की सगळे माना डोलावतात, कुणीतरी सुस्कारा टाकतं आणि पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो. तो पुढचा प्रश्न म्हणजे: परिस्थिती म्हणजे नेमकं काय? या पत्रात तेवढंच आहे, थोडं लांबलं असलं तरी.

गरिबी वर्गात एकगठ्ठा येत नाही. एका मुलाकडे ती डोळ्यांतून येते, दुसऱ्याकडे झोपेतून, तिसऱ्याकडे गैरहजेरीतून. कुणाकडे पेन्सिल नसते, कुणाला बसून लिहायला कोपरा नसतो, कुणाच्या घरात मोठ्यांना बोलायला उसंत नसते. आणि एक वाट आपल्याच डोक्यातून जाते, तिचं पुढे येईलच. प्रत्येकावरचा उपाय वेगळा. चष्मा हवा असलेल्या मुलाला जादा तास देऊन काही होत नाही आणि जादा तास हवा असलेल्याला नुसती दया दाखवून तर मुळीच नाही.

सुरुवात वह्यांपासून कर. प्रत्येकाची मागच्या वर्षाची वही मागव, नसेल तर या वर्षाची महिनाभराने बघ. चुका शोधायच्या आधी तारखा बघ. खंड कुठे पडलाय, किती दिवसांचा, पुन्हा पुन्हा त्याच वाराला पडतो का. मग अक्षर. एका ओळीत दोन ओळी बसवलेलं बारीक लिखाण, समासात केलेली गणितं, मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिलेलं शुद्धलेखन: मूल कागद वाचवतंय. त्याला ‘मोकळं लिही, अक्षर सुधारेल’ असं सांगण्याआधी दुसरी वही हातात द्यावी लागते. पुस्तकातून उतरवलेलं बिनचूक आणि फळ्यावरून उतरवलेलं चुकीचं असेल, तर नजरेचा संशय घे. मधली पानं फाडलेली दिसली तर लगेच बेशिस्त म्हणू नकोस. ती पानं धाकट्या भावंडाची वही झालेली असू शकतात.

आता चुका. सगळ्या वर्गाला एक वजाबाकी घाल: ४०३ मधून १७८. बरोबर उत्तर २२५. चुकलेली उत्तरं बहुतेक तीनच प्रकारची येतील, आणि त्या तिन्हींचा अर्थ वेगवेगळा आहे. ३७५ आलं, तर मुलाने प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान वजा केलाय: आठातून तीन, सातातून शून्य. त्याला हातचा घेणं मुळातच पोचलेलं नाही. २७५ आलं, तर हातचा त्याला कळतो, पण दशकाच्या घरात शून्य दिसल्यावर त्याने सरळ शतकाकडून घेऊन एककाला दिलं आणि शून्यातून सात कसे जायचे हे न सुचून सात तसेच खाली उतरवले. ३२५ आलं, तर शून्याचा नऊ होतो हे त्याला पाठ आहे. तो नऊ चारातून आला आणि म्हणून चाराचे तीन झाले, एवढंच राहिलंय. लाल फुली तिघांच्या वहीत सारखीच बसते. पण पहिल्याला सुटे-दशक-शतकापासून दोनेक आठवडे लागतील, दुसऱ्याला काड्यांचे गठ्ठे घेऊन दोन-तीन तासिका, तिसऱ्याला कदाचित दहा मिनिटं. २७५ लिहिणाऱ्याच्या वहीत ‘मध्ये शून्य असलेली वजाबाकी’ शिकवली त्या दिवसांच्या तारखा आहेत का, हे जरूर बघ. बरेचदा नसतात. भाषेच्या तासाला चार दिवस चुकले तर मूल कसंबसं सावरतं. गणितात प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर उभी असते, एक निसटली की वरच्या सगळ्या डुगडुगतात.

आणि ‘याला गणित जमतच नाही’ असं लिहायच्या आधी त्याला तोंडी विचार. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला, तो या बाबतीत डोळे उघडणारा आहे. संशोधक गिऱ्हाईक बनून त्यांच्याकडे गेले आणि विकत घेता घेता हिशोब विचारले, तेव्हा सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. त्याच मुलांना तसलीच गणितं कागदावर, नुसत्या आकड्यांत दिल्यावर बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. शाब्दिक उदाहरणांत ७४ टक्के. एका मुलाला ३५ ची दहा शहाळी विचारली. त्याने ३५ पुढे शून्य लावला नाही. तीनांचे १०५, आणखी तीनांचे २१०, आणखी तीनांचे ३१५, आणि एक, ३५०. रीत लांबची आहे, पण त्यात गुणाकाराची समज पुरेपूर आहे. अशा मुलाच्या बाबतीत तुझं काम त्याच्या डोक्यातली रीत आणि फळ्यावरची रीत यांच्यात पूल बांधण्याचं आहे: त्याने सांगितलेली पायरी जशीच्या तशी फळ्यावर लिही, मग तिच्या शेजारी शाळेची रीत मांड आणि दोन्हींत तेच आकडे कुठे दिसतात ते त्यालाच दाखवायला लाव. त्याचीच रीत चुकीची ठरवून सुरुवात केलीस, तर तो डोक्यातलं डोक्यात ठेवेल आणि कागदावर कोरा राहील.

हजेरीपत्रक तू रोज भरतेस, पण आडवं वाचतेस का? वर्गाची सरासरी फसवते. ४० मुलांच्या वर्गाची सरासरी ९४ टक्के असली, तरी त्यात सहा मुलं ८० टक्क्यांवर असू शकतात. बाकीची नियमित मुलं त्यांना झाकून टाकतात. वर्षाचे दहा टक्के दिवस बुडाले की धोका समजावा, ही रेघ बऱ्याच ठिकाणी वापरतात. २०० दिवसांच्या वर्षात ते २० दिवस होतात, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन. महिन्याला दोन दिवस कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत, तिथेच गोम आहे. पहिल्याच महिन्यात दोन-तीन दिवस बुडालेलं नाव पेन्सिलीने गोल करून ठेव.

मग त्या गैरहजेरीचा आकार बघ. एकाच ठरावीक वाराला असेल, तर बहुधा त्या दिवशी मोठ्यांना काम असतं आणि धाकट्याला सांभाळायला दुसरं कुणी नसतं. महिनाअखेरीस असेल, तर प्रवासाचे पैसे संपलेले असतात. पावसानंतर दुसऱ्या दिवशी असेल, तर कपड्यांचा जोड एकच आहे आणि तो वाळलेला नाही. सहल, स्नेहसंमेलन किंवा प्रदर्शनाच्या आधी असेल, तर आपण पैसे मागितलेत. हे सगळे अंदाजच, म्हणून खात्री करायला विचार, पण वर्गासमोर ‘कुठे होतास काल?’ असं नको. त्या प्रश्नाचं खरं उत्तर चाळीस जणांदेखत देता येत नाही, मग मूल खोटं बोलतं आणि आपण त्याला खोटारडं ठरवतो. परत आलेल्या मुलाला पहिल्यांदा एवढंच सांग: ‘काल हे झालं, मधल्या सुट्टीआधी दहा मिनिटं माझ्याजवळ बस.’ त्यासाठी एक फाइल ठेव, रोजच्या नव्या मुद्द्याचं एक पान, दोन सोडवलेली उदाहरणं आणि दोन कोरी. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतलेला धडा उतरवलेलाच राहतो, कळत नाही.

उशिरा येणाऱ्यांसाठी एक सोपी युक्ती आहे, जिचा खर्च शून्य: नवा मुद्दा पहिल्या दहा मिनिटांत शिकवू नकोस. तिथे कालची उजळणी ठेव. उशिरा आलेलं मूल उजळणीला मुकेल, नव्या पायरीला नाही. आणि त्याला दाराबाहेर उभं करणं बंद कर. आधीच वीस मिनिटं गेलेल्या मुलाची आणखी वीस घालवून त्याला वेळेचं मोल शिकवायचं, हे गणित आजवर कुठे सुटलेलं नाही.

आता शरीर. डोळ्यांचं आधी, कारण तिथे कमी खटपटीत सर्वांत जास्त फरक पडतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पश्चिम चीनमधल्या २५२ प्राथमिक शाळा होत्या. ज्या मुलांची नजर कमी होती त्यांच्यापैकी काहींना फुकट चष्मा दिला, काहींना नुसती डॉक्टरची चिठ्ठी. वर्षाअखेरीस फुकट चष्मेवाल्या मुलांचे गणिताचे गुण वाढले. तू घरातले कुठले प्रश्न सोडवू शकणार नाहीस, पण हा सोडवायला हातभार लावू शकतेस. नजरेचा तक्ता ६ मीटरवर टांगायचा, एकेक डोळा झाकून वाचायला लावायचं. बोटांनी डोळा दाबू देऊ नकोस, दाबलेला डोळा थोडा वेळ अंधूक दिसतो आणि पुढची तपासणी चुकते. वहीच्या पुठ्ठ्याने झाक. मुलं रांगेत ऐकून ओळी पाठ करतात, म्हणून बाकीच्यांना बाहेर उभं कर आणि मधूनच उलटीकडून विचार. ही चाळणी आहे, निदान नव्हे. अडखळलेल्यांची नावं डोळ्यांच्या तपासणीसाठी पाठवायची. चष्मा आल्यावर काम संपत नाही. दोन आठवड्यांनी तो दप्तरातच असतो, कारण कुणीतरी चिडवलेलं असतं किंवा फुटला तर घरी मार बसेल ही भीती असते. वर्गात चष्म्यांसाठी एक डबी ठेव, शाळा सुटल्यावर चष्मा तिथेच राहू दे.

कान विसरू नकोस. वारंवार सर्दी, कानातून स्राव, हाक मारल्यावर तोंडाकडे बघून मग उत्तर देणं, श्रुतलेखनात एकसारख्या आवाजांची अदलाबदल, ही कानाची लक्षणं. ‘लक्ष नसतं’ या शेऱ्याखाली कित्येक कान दडलेले असतात.

खडू खाणारं मूल दिसलं तर हसण्यावारी नेऊ नकोस. खडू, माती, भिंतीचे पोपडे खाण्याची ओढ हे रक्तात लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं. त्याच मुलाला धाप लागते का, पापणीची आतली बाजू फिकट आहे का, दुपारी डोकं बाकावर टेकतं का, बघ आणि आरोग्य केंद्रात पाठव. स्वतः गोळ्या देऊ नकोस. जुन्या रंगाचे पोपडे असतील तर शिशाचाही धोका असतो, आणि शिशाचं मुलांसाठी सुरक्षित असं कुठलंही प्रमाण ज्ञात नाही. ते मेंदूवरच बसतं, मग हे अधिकच घाईने.

भुकेबद्दल लांबलचक लिहीत नाही. तुला दिसेलच. मधल्या सुट्टीआधीची पोटदुखी, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशीची चिडचिड, मिळालेलं खाणं अर्धं खाऊन अर्धं दप्तरात घालणं (ते धाकट्यासाठी असतं, जप्त करू नकोस). वेळापत्रक तुझ्या हातात असेल, तर नवं गणित जेवणाआधीच्या शेवटच्या तासाला नको.

झोपेचं मात्र मोज. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला २४ तासांत ९ ते १२ तास झोप लागते, १३ ते १८ मध्ये ८ ते १०. एका खोलीत सहा माणसं आणि त्यातला एक रात्रपाळीचा, अशा घरात मूल दिवा विझेल तेव्हा झोपतं. ‘किती वाजता झोपतोस?’ याला मुलं काहीही उत्तर देतात. ‘तुझ्यानंतर घरात कोण जागं असतं?’ असं विचार, खरं चित्र येतं. जो रोज दुसऱ्या तासाला पेंगतो त्याला, जमलं तर, वीस मिनिटं झोपू दे. जागं ठेवून शिकवलेलं त्याला तसंही उमटत नाही.

यापेक्षा अवघड भाग ताणाचा, कारण तो दिसत नाही. भाडं थकलंय, घर बदलावं लागेल, भांडणं आहेत. मूल यातलं सगळं ऐकत असतं. काही क्षणांपुरती माहिती धरून तिच्यावर काम करायची जी मनाची पाटी असते, तिला कार्यरत स्मृती म्हणतात. तिच्यावर फार थोडं मावतं. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की बालपणाची जितकी जास्त वर्षं गरिबीत गेली, तितकी पुढे सतराव्या-अठराव्या वर्षांच्या सुमारास ही क्षमता कमी भरली, आणि त्यातला बराच भाग शरीरावर साचलेल्या दीर्घ ताणाशी जोडलेला होता. वर्गात याचं रूप अगदी साधं असतं. तू म्हणतेस, ‘पुस्तक काढा, पान ४२ उघडा, तिसरा प्रश्न वहीत लिहा, तारीख घाला.’ चार सूचना एका दमात. मूल पुस्तक काढतं आणि इकडेतिकडे बघत बसतं. तू ओरडतेस की ऐकत नाही. त्याने ऐकलं होतं, पाटीवर मावलं नाही. एका वेळी एक सूचना दे, पान आणि प्रश्नाचा क्रमांक फळ्याच्या ठरावीक कोपऱ्यात लिही, आणि तो कोपरा वर्षभर बदलू नकोस. मोठं उदाहरण असेल तर मधली उत्तरं लिहून ठेवायला लाव, तोंडी धरून ठेवायला लावू नकोस. पाढे पक्के करून घेण्याचा खरा फायदाही इथेच आहे: सात आठे छप्पन आपोआप आलं की पाटीवर तेवढी जागा मोकळी राहते.

मेंदूबद्दल आणखी एक सांगून ठेवायला हवं, कारण तुझ्या वाचनात ते येईल आणि तू घाबरशील. २०१५ साली १,०९९ मुलं आणि तरुणांच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासून असं आढळलं की घरच्या उत्पन्नाचा मेंदूच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाशी संबंध आहे आणि सर्वांत गरीब घरांत तो सर्वांत ठळक आहे. हा संबंध आहे, शिक्का नाही. त्याच उत्पन्नाच्या दोन मुलांत प्रचंड फरक असतो. तुझ्या वर्गातल्या एकाही मुलाबद्दल त्यावरून काही ठरवता येत नाही.

तोच प्रकार संयमाच्या प्रसिद्ध परीक्षेचा. मुलासमोर एक गोड गोळी ठेवायची, थांबलास तर दोन देईन म्हणायचं. जी मुलं थांबतात ती पुढे यशस्वी होतात, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं आणि त्यातून ‘गरिबांच्या मुलांना धीर नसतो’ असा सोयीचा निष्कर्ष निघाला. २०१८ साली नऊशेहून जास्त मुलांवर तेच पुन्हा तपासलं, तेव्हा घरची पार्श्वभूमी हिशोबात धरल्यावर तो संबंध बराच फिका पडला. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातला २०१३ सालचा छोटासा प्रयोग. २८ मुलं. आधी त्यांना चांगले रंग आणून देतो असं मोठ्या माणसाने सांगितलं. निम्म्यांना आणून दिले, निम्म्यांना ‘अरे, नाहीयेत’ म्हटलं. मग गोळीची परीक्षा. शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, शब्द मोडलेल्या गटातली ३ मिनिटं. जिथे उद्याचं आश्वासन नेहमी मोडतं, तिथे आजचं खाऊन टाकणं हा शहाणपणाच आहे. तुझ्यासाठी याचा अर्थ: शुक्रवारी गोष्ट वाचीन म्हटलंस तर शुक्रवारी वाच. वह्या उद्या तपासून देते म्हणालीस तर उद्याच दे. जमणार नसेल तर म्हणूच नकोस.

घरात मुलाशी किती बोललं जातं, यावर तुला ‘३ कोटी शब्दांची दरी’ ऐकायला मिळेल, म्हणजे गरीब घरातलं मूल सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा लहानपणी तेवढे शब्द कमी ऐकतं, हा दावा. तो आकडा १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या कामातला, अमेरिकेतल्या अवघ्या ४२ कुटुंबांवरून पुढे हिशोब वाढवून काढलेला. नंतरच्या संशोधकांनी घरातल्या इतर माणसांचं आणि आजूबाजूचं बोलणंही मोजलं, तेव्हा ती दरी तशी दिसली नाही. तो आकडा घेऊन पालकांना भाषण देऊ नकोस. टिकून राहिलेली गोष्ट साधी आहे: शब्दांच्या ढिगापेक्षा देवाणघेवाण मोलाची, म्हणजे मूल काही बोललं, त्याला उत्तर मिळालं, त्यावर पुन्हा मूल बोललं. हे तू शाळेतही करू शकतेस. प्रश्न विचारल्यावर तीन-चार सेकंद थांब. आपण एका सेकंदात दुसऱ्याकडे वळतो आणि हळू बोलणाऱ्याची पाळी वर्षभर येत नाही. नुसतं ‘बरोबर’ म्हणून पुढे जाऊ नकोस, ‘कशावरून?’ एवढं जोड.

खाणं दिलं की बाकीचं आपसूक होतं असं मानणाऱ्यांसाठी जमैकातला अभ्यास चांगलं उत्तर आहे. १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेली १२९ लहान मुलं घेतली. काहींना पूरक आहार, काहींकडे दर आठवड्याला एक तास आरोग्य सेविका जाऊन आईला मुलाशी खेळायला-बोलायला शिकवायची, घरीच केलेली खेळणी घेऊन, दोन वर्षं. वीस वर्षांनंतर खेळ-बोलण्याच्या गटातल्या मुलांची कमाई सुमारे २५ टक्क्यांनी जास्त भरली. नुसत्या आहाराचा तसा दूरचा परिणाम दिसला नाही. अर्थात उपाशी मुलाला आधी खायलाच द्यायचं असतं, ते सांगायला अभ्यास लागत नाही.

आता आपल्या डोक्यातली वाट. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या एका शाळेचं निरीक्षण १९७० साली प्रसिद्ध झालं. बालवर्गाच्या आठव्या दिवशी बाईंनी मुलांना तीन टेबलांवर कायमचं बसवलं. कुठलीही चाचणी घेतलेली नव्हती. कपडे, अंगाचा वास, बोलण्याची धाटणी, घरच्यांची माहिती यांवरून वाटण्या झाल्या. पहिल्या टेबलाजवळ बाई उभ्या राहायच्या, तिसऱ्या टेबलाला फळाही धड दिसायचा नाही. वर्षअखेरीला तिसऱ्या टेबलाने खरंच कमी शिकलेलं होतं, आणि दुसरीपर्यंत त्या मुलांच्या जागा तशाच राहिल्या. त्या बाई दुष्ट असतील असं मला वाटत नाही. त्यांनाही ‘परिस्थिती’ माहीत होती, एवढंच.

मग गट करायचेच नाहीत का? करायचे, पण चाचणीवरून आणि एका कौशल्यापुरते. वाचनासाठी प्रत्येकाला एकट्याला जवळ बोलावून एक मिनिट अनोळखी उतारा वाचायला दे, बरोबर वाचलेले शब्द मोज. कुणाला अक्षरं ओळखू येतात पण शब्द जुळत नाहीत, कुणी जोडाक्षराला अडतं, कुणी सरळ वाचतं पण विचारलं तर काही सांगता येत नाही. रोज तासभर त्या पातळीवर काम, इयत्ता कुठलीही असो. दर चार-पाच आठवड्यांनी पुन्हा मोज आणि गट मोड. वाचनात तळाशी असलेलं मूल वजाबाकीत वर असू शकतं, तेव्हा बसायची जागा गटावरून ठरवू नकोस. गट मोडला नाही की त्याचं टेबल होतं.

मदत करताना काम सोपं करून टाकू नकोस, मधल्या पायऱ्या वाढव. ‘याला एवढंच पुरे’ हे वाक्य मायेने म्हटलं तरी त्याचा परिणाम तिसऱ्या टेबलाचाच.

पैशांचं एक काम मात्र आज संध्याकाळी कर. गेल्या तीन महिन्यांत तू आणि शाळेने मुलांकडून मागवलेल्या वस्तूंची यादी लिही. चार्टपेपर, रंगीत कागद, छापील प्रती, कार्यक्रमाचा वेश, वर्गणी. एकेक मागणी किरकोळ असते, बेरीज नसते, आणि एका घरात तीन मुलं शाळेत असली तर तिला तीनाने गुण. प्रकल्प म्हटला की घरी पैसा, छपाई आणि मोठ्या माणसाची संध्याकाळ लागते, मग गुण कुणाला मिळतात ते तूच बघ. प्रकल्प वर्गात, वर्गातल्या सामानावर करून घे. गृहपाठाला माझी चाचणी अशी: मोठ्यांच्या मदतीशिवाय, मोबाइलशिवाय, विकतच्या वस्तूशिवाय, जमिनीवर बसून, वीस मिनिटांत होतो का? पाचांतलं एक जरी ‘नाही’ आलं, तर तो शाळेतच करून घ्यायचा.

पेन्सिलींचा डबा सगळ्यांसाठी उघडा ठेव, घेणाऱ्याचं नाव लिहू नकोस. पेन्सिली कमी होतील. होऊ देत. पेन्सिल नाही म्हणून तास बुडवणारं मूल त्याहून महाग पडतं. आणि थकलेल्या पैशांची यादी वर्गात वाचून दाखवायला सांगितलं, तर नकार दे. चिठ्ठी बंद पाकिटात, आणि पाकीट सगळ्यांनाच, म्हणजे कुणाचं कसलं ते कळत नाही.

पालक सभेला न येणाऱ्यांबद्दल तू जरा कडक लिहिलंयस. २०१३ साली तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा एक अभ्यास आला. तोडणीआधी, हात तंग असताना, आणि तोडणीनंतर, पैसे हातात आल्यावर, त्याच माणसांना त्याच प्रकारची बुद्धीची कोडी घातली. तंगीत तीच माणसं कमी पडली. पैशांची काळजी डोक्यातली जागा खाते, माणूस तोच असतो. तेव्हा आलेली चिठ्ठी विसरणारी आई बेफिकीर आहे असं धरून चालू नकोस. सभेच्या दोन वेळा ठेव, एक कामाच्या वेळेबाहेरची. लहान मुलांना घेऊन या असं स्पष्ट लिही. चिठ्ठीत एकच मुद्दा, मोठ्या अक्षरात, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना निरोप तोंडी. पहिली भेट तक्रारीची नको. पहिल्या महिन्यात प्रत्येक घराला एक खरी, नेमकी चांगली गोष्ट कळव, ‘हुशार आहे’ असली गुळगुळीत नको. ‘भागाकार स्वतःहून तपासून बघतो’ अशी.

एक सीमा लक्षात ठेव. मळके कपडे आणि अंगावरचे वळ या दोन गोष्टी एका रकान्यात लिहायच्या नाहीत. पहिलं गरिबीतून येऊ शकतं, दुसरं गरिबीच्या नावाखाली झाकायचं नसतं. तिथे तू एकटीने शहाणपण करू नकोस, मुख्याध्यापकांना त्याच दिवशी लेखी कळव आणि बालसंरक्षणाची जी यंत्रणा असेल तिच्यापर्यंत ते पोचलं का, याची खात्री कर. आणि स्वतःच्या पगारातून एखाद्या घराला महिन्याचे पैसे देणं सुरू करू नकोस. ते थांबेल त्या दिवशी ते मूल शाळेत यायला लाजेल.

तू विचारलंस की शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाला पुढे बसवू का. बसव, पण त्याला एकट्याला उचलून नको. सोमवारी सगळा वर्ग एकेक रांग मागे सरकव, शेवटची रांग सर्वांत पुढे आण, दर आठवड्याला सरकत राहील असं सांग, आणि ती चक्री अशी लाव की पहिले दोन आठवडे तो पहिल्या दोन रांगांत येईल. त्या दोन आठवड्यांत फळ्यावरून उतरवताना त्याच्या किती चुका होतात, त्या मोजून ठेव. कमी झाल्या तर डोळ्यांच्या तपासणीला पाठव. झाल्या नाहीत तर त्याला तीच ४०३ ची वजाबाकी घाल आणि आलेलं उत्तर मला कळव.

तुझे,
काका